पुनमच्या फंडिंगची चौकशी

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तारीखवार पुरावा हाताशी असावा म्हणून.

प्रकरण असं. आमची पुनम परभणीला एम.एस्सी. झाली, शेळ्या-मेंढ्यांचा आहार हा विषय. पुढे पीएच.डी.साठी अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत अर्ज केला होता, तिथून मेल आला. पाच वर्षं फी माफ. वर दर महिन्याला पगार. बदल्यात प्रोफेसरच्या हाताखाली आठवड्याला वीस तास काम. तिच्या आईने, शालूने, लगेच गल्लीत पेढे वाटले. मी पेढा खाल्ला नाही. (नंतर दोन खाल्ले. वाया जात होते.)

शेळ्यांच्या व्यापारात माझी हयात गेली. डोंगरकड्याच्या बाजारापासून वाशिमपर्यंत सोनाजीच्या नजरेतून खोट सुटत नाही असं लोक म्हणतात. फुकट कोणी शेळीचं दावंसुद्धा देत नाही. पाणी कुठंतरी मुरतंय. त्यात उत्तर १५ एप्रिलच्या आत मागितलंय. घाई करतो तो विकणारा खोटा, हा बाजाराचा नियम आहे.

९ मार्च
चौकशी सुरू. पद्धत तीच, स्थळ बघतानाची. आधी गाव, मग घराणं, मग सोयरे, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गुपचूप विचारणा. हुंडा नको म्हणणाऱ्या स्थळाची आपण दुप्पट चौकशी करतो, इथं तर तेच उलट देऊन राहिलेत. पुनमला विचारलं, प्रोफेसरचं मूळ गाव कोणतं, भाऊ किती, वाटण्या झाल्या का. ती म्हणाली, वेबसाइटवर एवढं नसतं बाबा. म्हणजे लपवलंय.

१४ मार्च
कनेरगाव नाक्यावर भीमसिंगच्या ढाब्यावर थांबलो. त्याचा साला परदेशात असतो. भीमसिंग म्हणाला, तिकडं पाणी बी इकत घ्यावं लागते, फुकट शिक्षण कुठून आलं? आधी पासपोर्ट काढून घेतात. खरा जाणकार माणूस. निघताना कळलं की साला दुबईला आहे, क्रेनवर. असो. परदेश तो परदेश.

२२ मार्च
पुनमचं ऑनलाइन सेशन होतं. ‘फूड अँड फंडिंग’, नव्या पोरांना मार्गदर्शन. तीन वर्षांपासून तिकडे असलेली अंजली नावाची नांदेडकडची मुलगी सांगत होती. मी मागे खाटेवर झोपल्याचं सोंग घेऊन सगळं ऐकलं.

फी माफ असली तरी हेल्थ इन्शुरन्स आणि सटरफटर फी पगारातून कापतात. (आलं बाहेर.) पहिला पगार दीड महिन्याने होतो, तोवरच्या घरभाड्याचे आणि खाण्याचे पैसे घरून न्यायचे. (म्हणजे पैसे मागितलेच. मी म्हटलं नव्हतं?) कुकरच्या जास्तीच्या रबर रिंगा न्यायच्या, तिकडं आपल्या मापाच्या सापडत नाहीत. डिपार्टमेंटच्या भाषणांना जायचं, भाषण नाही कळलं तरी शेवटी पिझ्झा असतो. आणि कॅम्पसवर फूड पँट्री म्हणून असते, तिथं विद्यार्थ्यांना तांदूळ, डाळ, डबाबंद भाजी फुकट. आय-कार्ड दाखवायचं, लाजायचं नाही.

फुकट डाळ. हे ऐकून मी झोपेतून उठून बसलो. हे तर रेशन दुकान झालं. आमचं कार्ड पिवळ्याचं केशरी व्हायला मी किती वर्षं राबलो ते मला माहीत. ज्यांचा पगार खरा, ते डाळ कशाला वाटतील? पुनमला बजावलं, पँट्रीची पायरी चढायची नाही. ती हो म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

३० मार्च
प्रोफेसरशी व्हिडिओ कॉल घडवून आणला. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. गोरा माणूस, दाढी, डोक्यावर टोपी, मागे भिंतीवर शेळीचा फोटो. पुनम भाषांतराला. विचारलं, जमीन किती? तो हसून म्हणाला, भाड्याच्या घरात राहतो. मी सावध झालो. विचारलं, फुकट शिकवून तुमचा फायदा काय? पुनमने हे इंग्रजीत बरंच लांबवून सांगितलं, त्यावर तो म्हणाला, थँक यू. मग त्याने हळूच विचारलं, उन्हाळ्यात चारा नसतो तेव्हा तुम्ही शेळ्यांना काय घालता?

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी नुसतं निमित्त. त्याला माझी बाभळीच्या शेंगांची युक्ती पाहिजे. मी म्हणालो, गवत. त्याने लिहून घेतलं. असा फसवला.

शालू म्हणाली, बाभळीच्या शेंगा तं अख्खा जिल्हा घालते. तिला व्यापार कळत नाही.

१४ एप्रिल
सर्व बाजूंनी विचार करून आज परवानगी दिली. दोघींना समोर बसवून सांगितलं की धोका मोठा आहे, पण पाठीशी मी आहे. पुनम पाया पडली. मग म्हटलं, होकाराचा मेल माझ्यासमोर पाठव. शालू म्हणाली, तो तं तिनं पेढ्याच्या दुसऱ्या दिशीच धाडला.

म्हणजे माझा निर्णय काय होणार हे पुनमने आधीच ओळखलं होतं. बापाची लेक.

२ ऑगस्ट
बॅगा भरल्या. ज्वारीचं पीठ, कुरड्या, जवसाची चटणी, वसमतची हळद, शेंगदाणे, रबर रिंगा. पँट्रीचं तोंड बघायची वेळच येणार नाही. शालू म्हणाली, दुकानातून वजनकाटा आणा. कशाला? मी बोकड कमरेतून उचलून वजन सांगतो, पावशेराचा फरक निघत नाही. दोन्ही बॅगा उचलल्या. विमानाच्या तेवीस किलोच्या नियमात बसतात. बराबर तेवीस, तेवीस.

खर्चाचं. अंजलीने दीड महिन्याचे पैसे न्या म्हणून सांगितलं होतं, मी पंधरा दिवसांपुरते दिले. पगार खरा असला तर येईलच. खोटा असला तर पैसे संपतील आणि पुनम घरी येईल. दोन्हीकडून आपण सेफ. शालू दिवसभर माझ्याशी बोलली नाही. उकाडा फार आहे.

७ ऑगस्ट, हैदराबाद विमानतळ
पास काढून काउंटरपर्यंत सोबत गेलो. इथला काटा खोटा आहे. एक बॅग एकतीस दाखवली, दुसरी एकोणतीस. चूक त्यांची, तरी मी नमतं घेतलं आणि काउंटरवरच्या साहेबाला बाजूला बोलावलं. आमच्या बाजारात सौदा तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात धरून बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे चारचौघांत कोणाची इज्जत जात नाही. मी उपरणं पसरून हात पुढे केला. साहेबाने आधी हात मिळवला, मी दोन बोटं दाबल्यावर झटकला. बंदूकवाला जवान आला. त्याने उपरणं झाडून पाहिलं, तंबाखूची पुडी पडली. तेवढ्यात पुनम फरशीवर बसून बॅगा उपसायला लागली होती, अख्ख्या लाइनीसमोर. पीठ निघालं, कुरड्या निघाल्या, शेंगदाणे निघाले. चटणी, हळद आणि रिंगा राहिल्या.

आत जाताना तिने वळून पाहिलं. मी ओरडून सांगितलं, पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नको. मला दुसरं काही म्हणायचं होतं. तोवर ती आत गेली.

परतीच्या बसमध्ये पिठाची पिशवी उशाला घेतली. झोप लागली नाही.

२३ ऑगस्ट
पुनमचा फोन. आठवड्यातून एकदा येतो. संपूर्ण तपासणी केली. काय खाल्लं, कुठून आणलं, कोणी दिलं, ताट दाखव. ताट दाखवलं. वरण-भात. म्हटलं, डाळीची पिशवी दाखव. नेटवर्क गेलं. नेटवर्क नेमकं डाळीलाच कसं जातं?

११ सप्टेंबर
पगार झाला का विचारलं. होईल म्हणाली. कधी, कोणाच्या सहीने, कापून किती? ती म्हणाली, क्लास आहे बाबा. फोन लगेच संपला. प्रोफेसरने बोलण्यावर बंदी घातली असावी. संकल्प: पुढच्या वेळी प्रश्न दुप्पट करायचे. उलटतपासणीत भलेभले गडबडतात.

२८ सप्टेंबर
दोन आठवडे फोन नाही. मी तासातासाला मोबाइल बघतो, आणि शालू आई असून निवांत. काल तर ओवी गुणगुणत होती. ज्याला भीती वाटत नाही त्याच्यावर आधी नजर ठेवावी. पण घरच्या माणसावर संशय घेणारा मी नव्हे.

५ ऑक्टोबर
रोज भल्या पहाटे शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यावर, शेळ्यांकडे जातो. आज पायात काटा मोडला म्हणून लवकर घरी परतलो. चुलीजवळ पातेल्याला टेकवून मोबाइल ठेवलेला, मोबाइलमध्ये पुनम. शालू तिला कढी कशी फुटू द्यायची नाही ते सांगून राहिली होती. दोघी खदखदून हसत होत्या. मला पाहिलं आणि गप्प झाल्या.

मग कळलं, रोज बोलतात. ती गेली त्या दिवसापासून, मी आखाड्यावर असतो तेव्हा. समुद्रापारची युनिव्हर्सिटी मी उलटीपालटी करून तपासली आणि इथं दिव्याखाली अंधार.

शालूने सगळं सांगून टाकलं. पगार मागच्या आठवड्यात झाला, अंजलीने सांगितला होता तसाच, बराबर. मी दिलेले पैसे भाड्यातच संपले होते. तोवर लेकरू पँट्रीच्या डाळ-तांदळावर आणि भाषणांच्या पिझ्झ्यावर राहिलं. म्हटलं, मला काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगितलं असतं तं तुमी तिला वापस बलावलं असतं.

बोलावलं असतं. खोटं कशाला लिहू? तेवढं एक कारण हाती लागलं असतं तर त्याच दिवशी बोलावलं असतं. तिकिटासाठी बोकड विकले असते आणि हसत विकले असते. ती गेल्यापासून घर मला खायला उठतं, हे कोणाला सांगितलेलं नाही.

मग विचारलं, तुझ्याशी रोज बोलते, माझ्याशी काहून बोलत नाही? शालू म्हणाली, तुमी बोलत न्हाई. तुमी इचारता.

संकल्प: उद्या घरीच थांबायचं. पुनमला एकही प्रश्न विचारायचा नाही. अवघड काही नाही.

६ ऑक्टोबर, सकाळ
फोन आला. शालूने मोबाइल माझ्या हातात दिला आणि मुद्दाम अंगणात गेली. ठरल्याप्रमाणे मी एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न सोडून माणसं काय बोलतात ते मला आठवेना. ती जरा बारीक झाल्यासारखी दिसली, पण मी विचारलं नाही.

शेवटी तीच म्हणाली, बाबा, तुमी कसे आहात?

इतक्या महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं ते असं की, काहून इचारून राहिली?