मे महिन्यातली शेकोटी

बाबा, काल आपल्या चर्चमध्ये गेले होते. साहेबाच्या बाकाशेजारची शेकोटी विटांनी बुजवून टाकली आहे, वरून पांढरा रंग. नव्या केअरटेकरला विचारलं तर म्हणाला, "दीदी, राजधानी बनी तब से बंद है. किसी ने पूछा ही नहीं." म्हणजे रायपूर राजधानी झालं तेव्हापासून, तुम्ही वारल्यावर लगेचच. घरी येईपर्यंत माझा संताप उतरला नव्हता.

चर्च बांधणाऱ्या त्या गोऱ्या साहेबाला रायपुरात हुबेहूब त्याच्या गावचं चर्च हवं होतं. तसाच बुटका मनोरा, आणि स्वतःच्या बाकाजवळ भिंतीत शेकोटी. त्याचा वाढदिवस मे महिन्यात. त्याच्या गावी तेव्हाही गारठा असेल. दर वाढदिवसाला केअरटेकरनं ती पेटवायची, त्या बदल्यात त्याला राहायला क्वार्टर, असं मृत्युपत्रात लिहून तो मेला. आणि डांबर वितळवणाऱ्या उन्हात तुम्ही रिकाम्या चर्चमध्ये लाकडं रचत होता. आई म्हणायची, "काहून जाळता? कोण पाहून राहिलं?" तुमचं उत्तर ठरलेलं, "त्याच्यावरच तं हे क्वार्टर आहे."

अशाच एका वाढदिवसाच्या दुपारी मी अनवाणी धावत येते. "बाबा, आई उठून नाई राहिली." तुम्ही गुडघ्यावर बसून फुंकताय. मान न वळवता म्हणता, "तू हो समोर. आग धरली की आलोच." ओली लाकडं होती, बाबा. ती धरतच नव्हती. शेवटी शेजारच्या छत्तीसगढी काकीनं आईला रिक्षात घातलं. "चल नोनी, तोर बाबू ला छोड़," म्हणत मलाही ओढलं. आईला ऊन लागलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

तुम्ही संध्याकाळी आलात, काजळलेल्या हातांनी. सलाईन लावलेल्या आईनं डोळे उघडले. "गेली का साहेबाची थंडी?"

"हव. घाम फुटला त्याले."

आणि तुम्ही दोघं हसलात. आई तर खोकला येईपर्यंत हसली. मी पलंगाच्या लोखंडी पायाला धरून उभी होते, तुम्हाला काय काय बोलायचं ते मनात जुळवत. ते सगळं तसंच राहिलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. शेकोटीचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग आईचा येतो. तिनं तुम्हाला इतक्या सहज माफ करून टाकलं, मला न विचारता.