डाव्या हातातलं घड्याळ

९ जाने., गुरु.
धुकं. ऑफिसला लेट. सकाळी बाबा घड्याळाला चावी देत बसले होते. डाव्या हाताने धरवत नाही, म्हणून गुडघ्यांत धरलेलं, उजव्या अंगठ्याने खटपट. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा काच गेली. आई म्हणाली, "मी देत जाईन रोज चावी." बाबा : "माझ्या घड्याळाला दुसऱ्याने चावी द्यायची वेळ आलेली नाही अजून."
दिवाळीत स्ट्रोक, तेव्हापासून त्यांचा मयूर विहारचा फ्लॅट बंद, दोघं माझ्याकडे लक्ष्मीबाई नगरला. डावा हात आहे तसाच. त्याबद्दल बोलत नाहीत, घड्याळाबद्दल बोलतात.

११ जाने., शनि.
दादाला पुण्याला फोन. "सेलवालं घे, विषय संपव." पुण्यात बसून सगळे विषय संपवता येतात. बाबांना सेलवालं चालत नाही, त्यांच्या मते ते खेळणं. मग उरलं ऑटोमॅटिक. चावी नको, सेल नको. पण माझ्या पगारात बसणारं हवं, आणि खरी किंमत कळली तर बाबा घालणारच नाहीत.

१९ जाने., रवि.
आठवडाभर लंचमध्ये मोबाइलवर घड्याळांचे रिव्ह्यू. डोकं भणभणतंय. काच कुठली, पाणी जाईल का, काढून ठेवलं तर किती तास चालतं (चाळीसेक), दिवसाला किती सेकंद पुढे जातं. रिटायर्ड माणसाला सेकंद काय करायचेत? तरी वाचत बसले. एक देखणं होतं, पण पट्ट्याला बकल, एका हाताने लागणार नाही. बाद. एकाचे आकडे बारीक. बाद. एक जपानी बरं वाटतंय.

२५ जाने., शनि.
उद्याच्या परेडसाठी अर्धे रस्ते बंद. सरोजिनी नगरला चालतच गेले. मार्केटच्या मागच्या बाजूला घड्याळांचं जुनं दुकान, गल्ल्यावर लालाजी. तेच जपानी मिळालं, ठसठशीत आकडे, ताणला जाणारा स्टीलचा पट्टा. लालाजी म्हणाले, "बस हाथ चलता रहे बेटा, घड़ी चलती रहेगी." मी हो हो करत पट्टा ताणून बघत होते.
घरी किंमत निम्मी सांगितली. बाबांनी उजव्या हाताने डाव्या मनगटावर एकट्याने चढवलं. आम्हाला हात लावू दिला नाही. किती दिवसांनी हसले.

२७ जाने., सोम.
बंद. पाच वाजून दहा मिनिटांवर. आधी वाटलं लालाजींनी फसवलं. मग त्यांचं बोलणं आठवलं. हात हलला की आपोआप चावी बसते, तेच ऑटोमॅटिक. दोन आठवडे काच बघितली, पट्टा बघितला, सेकंद बघितले. हात बघितला नाही. बावळट आहे मी.
बाबांना म्हटलं, उजव्या हातात घालू या. "नाही. उजव्यात घातलं म्हणजे डावा गेला या कागदावर सही केल्यासारखं." मग म्हणाले, "चांगलंच झालं की. हात हलला तर चालेल. आता रोजच्या रोज कळेल."


३० जाने., गुरु.
परत बंद. परवा मीच हलवून, वेळ लावून दिलं होतं. तासन् तास बसून हात उचलायला बघतात. बोटं तेवढी थरथरतात. उजव्याने धरून हलवायला सांगितलं तर "ती कॉपी झाली." आज जेवले नाहीत. मला त्या घड्याळाचा राग राग आलाय, आणि माझाही.

३१ जाने., शुक्र.
आई त्यांना आंघोळ घालते तेव्हा घड्याळ टेबलावर असतं. आज ती पाणी काढत होती तेवढ्यात उचललं, वेळ लावली, स्वयंपाकघरात उभी राहून हलवत राहिले. दूध उतू गेलं. आई दारात. फडकं घेऊन गॅस पुसला.

५ फेब्रु., बुध.
रोज हलवतेय. बाबा खूश. पोळी एक जास्त. दादाला फोनवर : "डावा सुधारतोय. मी नाही, घड्याळ म्हणतंय!" दादा मला म्हणाला, बघ, काही काळजीचं नव्हतं. फोन आपटावासा वाटला. थकवा आलाय नुसता.

८ फेब्रु., शनि.
बाबांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओ मॅडमनी मला जिन्यात गाठलं. "दीदी, अंकल एक्सरसाइज़ ही नहीं करते. कहते हैं घड़ी चल रही है, अब क्या ज़रूरत." हेच महिने हाताचे, नंतर कठीण, असंही म्हणाल्या. त्यांचा हात वाचवायचा सोडून मीच तो घालवायला निघालेय.

१० फेब्रु., सोम.
आज हलवलं नाही. बाबांना खरं सांगायची हिंमत नाही. बंद पडलं की व्यायामाला लागतील, नाहीतर परत जेवण सोडतील. दोन्ही होईल बहुतेक. आईला सांगितलं, आजपासून मी नाही हलवणार. "बरं," म्हणाली. उद्या सकाळपर्यंत चालेल, फार तर.

१२ फेब्रु., बुध.
चालू आहे. मोबाइलशी लावून बघितलं, बरोबर. ऑफिसात एका नोटवर दोनदा तीच ओळ लिहिली. कपडे घालताना हात हलतो, तेवढ्याने चालत असेल? पण मग तेव्हा दोनदा बंद का पडलं?

१३ फेब्रु., गुरु.
अजून चालू. सी.एल. टाकून घरीच राहिले.
बाबा बाल्कनीत उन्हात, डावा हात शालीवर. शेजारी पेपर घेऊन बसले, वाचायचं नाटक. बराच वेळ बघितलं. हात हलला नाही. काटा फिरतोय. आई मटार सोलत होती. तिला विचारायला तोंड उघडणार तर आपणहून म्हणाली, "उजवा खांदा भरून आलाय गं. थंडीने असेल." मला हसू आलं आणि रडूही.
म्हटलं, संपलं. आज मॅडमसमोरच बाबांना सगळं सांगायचं.
बाबा म्हणाले, "मॅडम चारला ना? आत्ता किती..." आणि बघायला मनगट वळवलं. जरासंच. डावं. की शाल सरकली?
आईकडे बघितलं. तिच्या हातातली शेंग तशीच. ती मनगटाकडे बघत होती.