जप्त पेनड्राइव्ह आज दोनच्या आत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
अंध मुलींची निवासी शाळा

विषय : कपाटात सील केलेला माझा पेनड्राइव्ह आज दुपारी दोनच्या आत दहा मिनिटांसाठी मिळण्याबाबत.
संदर्भ : भांडारपाल काकांनी सोमवारी दिलेली जप्तीची पावती.

महोदय,

मी आपल्या ब्रेल छपाई खोलीतली कंत्राटी सहायक. अर्ज हाताने लिहिलाय, कारण जप्त वस्तू परत मागायचा छापील नमुना तिथल्याच बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

१. परवापासून अकरा मुलींची वार्षिक परीक्षा. पाचही विषयांच्या ब्रेल प्रश्नपत्रिका त्या कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि गोपनीयतेच्या नियमामुळे दुसरी प्रत कुठेच नाही. छापायला अख्खा दिवस लागतो. आणि मंगळवारपासून कॉम्प्युटर उठतच नाही! काळा पडदा, त्यावर एक पांढरी ओळ : सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

२. वायरी काढून घातल्या, रॅम खोडरबराने पुसली, सेटिंगमध्ये डिस्कचा नंबर पहिला लावला. ढिम्म. आपण बोलावलेल्या मेकॅनिकने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "डिस्क कोरी आहे ताई, फॉर्मॅट मारतो." आज दोनला तो त्यासाठीच येतोय. महोदय, डिस्क कोरी नाही!

३. हे मला काल कळलं. अकरा जणींतली सगळ्यात बडबडी, जिला सगळ्या टकळी म्हणतात, ती कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूवर बोट फिरवून म्हणाली, "ताई, याचं नाक कुठं गेलं?"
"कसलं नाक?"
"अगं, इथं रोज टोचायचं की मला!"
नाक म्हणजे माझा पेनड्राइव्ह.

४. चूक माझीच, सरळ कबूल करते. तीन महिन्यांपूर्वी त्या पेनड्राइव्हवरून मीच विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. टाकताना कॉम्प्युटरला उठवणारा छोटा प्रोग्रॅम डिस्कवर जायच्या ऐवजी पेनड्राइव्हवरच गेला. पेनड्राइव्ह तसाच खोचलेला राहिला, सगळं झकास चालत होतं, मग चालत्या गाडीला खीळ कशाला, म्हणून मी हातच लावला नाही. सोमवारी खाजगी पेनड्राइव्ह जमा करायचा आपला आदेश आला. काकांनी तो उपसला, पाकिटात घातला, वर लाख लावली. डिस्क भरलेलीच आहे, तिला उठवणारा प्रोग्रॅम तेवढा पाकिटात अडकलाय.

५. काकांकडे गेले, तर म्हणाले, "पोरी, पंधरा दिवसांनी ये. नियम मी नाही केला, साहेबांनी केलाय." मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणे, "साहेबांनी थांबवलं तर थांबतो." कपाटाची किल्लीही आपल्याकडेच.

तरी पाकीट आपल्या देखत, आपल्याच टेबलावर फोडावं. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर उठवते, तो प्रोग्रॅम डिस्कवर बसवते, आणि लगेच परत सील करायला देते. जमेलच अशी खात्री नाही, खोटं कशाला बोलू? पण फॉर्मॅट मारल्यावर काहीच उरणार नाही, ही खात्री आहे. बाकीचे पेपर एकवेळ नव्याने काढून कुणी वाचून दाखवेल, पण भूमितीचा त्रिकोण बोटाखाली लागल्याशिवाय त्यांना कळणार कसा? नाही जमलं तर मला काढून टाका. पण मेकॅनिकला दारातच थांबवा.

बाहेर बाकावर बसलेय. हाक मारा, लगेच येते.

आपली नम्र,
(सही)
ब्रेल छपाई सहायक
गुरुवार, सकाळी ११.४०

सोबत :
१. जप्तीची पावती.
२. अकरा मुलींचा याच विषयावरचा अर्ज, एक पान. कोरा कागद समजून टाकू नये.