कॉबलरवर चमचाभर तूप

रविवार, संध्याकाळ

आज माझा हात माझ्याआधी धावला. किंजलने, म्हणजे आमच्या नव्या गुजराती सुनेने, दुपारी ओव्हनमध्ये कॉबलर केलं. खाली केसर आंब्याच्या गरम फोडी, वर बिस्किटासारखा खुसखुशीत थर. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने या घरात स्वतःच्या मनाने काही केलं होतं. तिने माझ्या पानात वाढलं आणि मी सवयीने त्यावर चमचाभर तूप ओतलं, पुरणपोळीवर ओततो तसं. चव न घेताच.

तिचा चेहरा पाहिला आणि कळलं. पण तोंडातून काय निघालं? "तूप घातल्यावर छान लागतंय." असं का बोलले मी? उलट वरचा थर मऊ पडला होता. माझ्या सासूबाईंनी माझी पहिली बासुंदी चाखण्याआधीच साखर मागितली होती. ते मी अजून विसरले नाही, आणि आज मीच...

आत्ता मुलगा आणि ती वासणा भागात तिच्या मावशीकडे गेली आहेत. जाताना म्हणाली, "मम्मी, एक तुकडा घी वगरचा ठेवलाय. चाखजो." उभ्याउभ्याच खाल्ला, तुपाशिवाय. गार झाला होता, तरी थर कुरकुरीत होता. मनापासून आवडला. आल्या आल्या हे तिला सांगायचंच.

आणि तुपाची बरणी तिने सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे. माझा हात पोचत नाही तिथे.