आईच्या पायातल्या मुंग्या

इंदापूर
९ मार्च २०२५

चि. ज्ञानेश यास अक्काचे आशीर्वाद.

आम्ही इकडं ठीक. डाळिंबाला फुलं चांगली धरली आहेत. ह्यांची कंबर अधूनमधून कुरकुरते, तेवढंच. हैदराबादला तुम्ही सगळे बरे असाल.

बारामतीच्या कॉलेजात तुझं व्याख्यान आहे, त्याची पत्रिका तू मोबाइलवर पाठवलीस. 'आपण म्हातारे का होतो?' आणि खाली तुझा फोटो. दोन दिवस ती उघडून बघते आहे आणि माझं डोकं फिरतं आहे. फोन केला तर तू समजावून सांगायला लागशील आणि मी गप्प बसेन. म्हणून हा कागद.

तात्या गेल्यापासून आई माझ्याकडं आहे. दिवाळीत तू आलास तेव्हा ती चहात मीठ घालायची, माझ्या पोराला तुझ्या नावानं हाक मारायची, भिंत धरून चालायची. मी विचारलं, "दवाखान्यात न्यावं का रे?" तू ओट्यावर बसून अर्धा तास सांगितलंस. पेशी ठरावीक वेळाच दुभंगतात, मग थांबतात. थांबलेल्या काही मरतही नाहीत, शेजारच्यांना बिघडवत बसतात. तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचंही असंच होतं. "अक्का, हे वय आहे. उगाच तिला सुया टोचत फिरू नकोस."

आई तिथंच लसूण सोलत होती. "म्हंजी आता ह्ये असंच ऱ्हायचं म्हन की," एवढंच म्हणाली. तू हसलास. रोज उंदरांना हातात धरतोस, पण आईचा पाय एकदा हातात घेतला नाहीस.

पुढं ती सारखी म्हणायची, "राजी, पायात मुंग्या येत्यात गं." मी म्हणायची, "वय झालं, आई."

संक्रांतीनंतर ती न्हाणीत पडली. टाके घालायला बारामतीला नेलं. तिथली डॉक्टर प्रगती, अगदी पोरगी. टाके झाल्यावर म्हणाली, "आजी, जीभ दाखवा." जीभ लालभडक, गुळगुळीत.

"पायात मुंग्या येतात?"

"वरीस झालं. कुनी इचारलं न्हाय."

रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच. उतारवयात पोटाला ते नीट शोषता येत नाही म्हणे. मी म्हटलं, "माझा भाऊ शास्त्रज्ञ आहे. तो म्हणाला, वय आहे."

"वय आहेच हो," ती म्हणाली. "पण त्याच्या आड दुसरं काय लपलंय ते बघायला नको?"

साधी इंजेक्शनं, ज्ञानेश. महिन्याभरात सगळ्यांची नावं जागेवर आली. पाय मात्र पुरते सुधारतील याची खात्री नाही. दिवाळीत आणलं असतं तर कदाचित.

इथंच थांबणार होते. पण सगळा राग तुझ्यावर ढकलून मला झोप लागेना.

डिसेंबरात मी आईला खोलीत ठेवून, बाहेरून कडी लावून बागेत जायची. एक दिवस परत आले तर लुगडं घाण झालेलं, भिंतीला हात पुसलेले. मी तिच्या तोंडात मारली. दोनदा. मनात म्हटलं, हिला काय कळतंय, हिच्या पेशीच थांबल्यात. शब्द तुझे होते. हात माझा होता.

परवा केस विंचरून देताना तिनं विचारलं, "राजी, तू मला मारलंवतंस, ते खरं का सपान?"

मी फणी खाली ठेवली. "खरं," म्हटलं.

तिनं फणी उचलून तिच्यातले केस काढले. मग माझा हात धरून म्हणाली, "यातलं काय बी ज्ञानूला कळवू नगं. लई जिवाला लावून घ्यायचा त्यो."

लावून घे. त्यासाठीच लिहिलं आहे.

तुझी अक्का,
राजलक्ष्मी