'बी' म्हणजे गाव, आणि माझी चार हजार कार्डे

मी, गिरिजा राजाभाऊ खरवंडीकर, वय ५८, राहणार अल मजाज, शारजा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पुरेशा रागाने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे.

१. डोंबिवलीचा माझ्या नावावरील फ्लॅट, दागिने व बँकेतील बचत मुलगी उर्वी हिला मिळावी.

२. पती राजाभाऊ यांना घरातील सामान आणि त्यांचा धाकटा भाऊ सुजीत. दोन्ही त्यांनीच सांभाळावे.

३. याचे कारण लिहिणे भाग आहे. १९९० साली मी येथे एका इंग्रजी कंपनीत टायपिस्ट होते. पत्रांवर डर्बी, ग्रिम्सबी, व्हिटबी अशी गावे येत. साहेबांना विचारले, "सगळ्यांच्या शेवटी 'बी' का?" ते म्हणाले, "नावच आहे ते." मी पुस्तके मागवून शोधले. समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत 'बी' म्हणजे गाव. नावांतले 'चेस्टर' म्हणजे रोमन छावणी. 'रिव्हर एव्हन'मधल्या एव्हन या शब्दाचाच अर्थ नदी, म्हणजे इंग्रज आजवर 'नदी नदी' म्हणत आले. नऊ वर्षे, स्वयंपाक उरकून, एका नावाला एक, मी अशी चार हजार कार्डे मराठीत लिहिली.

४. सुजीत पुण्यात प्राध्यापक. १९९९ च्या सुट्टीत "वहिनी, टाइप करून देतो" म्हणत कार्डांच्या पेट्या घेऊन गेला. त्या परत आल्या नाहीत. वर्षभराने पुस्तक आले, त्याच्या नावाने. प्रस्तावनेत 'वहिनींच्या चहाबद्दल' माझे आभार. राजाभाऊ म्हणाले, "घरातलाच आहे. खलास." उर्वी म्हणाली, "आई, जस्ट सू हिम. कोर्टात खेच." तेव्हापासून मी दिराशी बोललेले नाही, राजाभाऊंशी जेवणापुरते बोलते.

५. गावाच्या नावाशेवटी येणारे 'हॅम' म्हणजे वस्ती, असे मी सर्वत्र लिहिले होते. ते चुकले होते. काही गावांच्या नावांत तो वेगळाच शब्द आहे: नदीच्या वळणात सापडलेली जमीन. हे मला पुस्तक छापल्यावर कळले. मी एकशे साठ नवी कार्डे केली. गेल्या महिन्यात सुजीतचे पत्र आले: "वहिनी, 'हॅम'वरून लोकांनी मला धारेवर धरले आहे. दुसरी आवृत्ती निघते आहे. तुम्ही दुरुस्ती केली असेलच, पाठवा." मी उत्तर दिले नाही.

६. ही नवी कार्डे शेजारच्या रशीदाबाईंना द्यावीत. त्या रत्नागिरीच्या, निवृत्त शिक्षिका. ग्रंथालयात मला त्यांनीच गाडीने नेले, आणि कार्ड वाचून वादही त्यांनीच घातला. छापायचे झाल्यास माझे नाव पूर्ण छापावे.

७. छापील पुस्तकातील सर्व चुका सुजीतकडेच राहाव्यात. त्यांवर माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही.

सही: गिरिजा खरवंडीकर

गिरिजाबाईंनी हे आम्हांला वाचून दाखवले व आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: १. शौकत मुकादम २. नर्मदा शेवडे

शारजा, ७ मार्च २००२