दादाची बिनपगारी रजा

मोरा,
१८ जून १९७८

ती. दादास,
अरुणाचा सा. न. वि. वि.

तू आमदार झालास, हारतुरे झाले, आता शाळेची बातमी ऐक. तुझी बिनपगारी रजा मंजूर झाली आणि तुझ्या जागी गणिताला मेहरून आली. धक्क्यावरच्या सुलेमानचाचांची मुलगी, तुझीच विद्यार्थिनी. सर परत आले की तुला जावं लागेल, असं हेडमास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं. मस्टरवर पहिलं नाव अजून तुझंच आहे, पुढे रोज ‘रजा’ लिहितात. स्टाफरूममधल्या तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मला ते जरा जास्तच वाटतं, तू काही वारला नाहीस.

पोरं तुला घाबरायची तशी तिला घाबरत नाहीत, पण गणितं सोडवतात. तुला थोडं झोंबावं म्हणूनच हे लिहिलं.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच ठेव, तिला विधानसभेची हवा लागू देऊ नकोस.

तुझी,
अरुणा


आमदार निवास, मुंबई,
५ जुलै १९८०

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

पुन्हा निवडून आलो, रजाही वाढवून घेतली. शाळेचा राजीनामा का देत नाही, असं तू विचारलंस. उद्या लोकांनी घरी बसवलं तर काय, असं तुझी वहिनी म्हणते. खरं तर तिचं नाव पुढे करतोय, जागा सोडवत नाही ती मलाच. इथे मी बोलायला उभा राहिलो की निम्मे जण चहाला जातात. वर्गात असं कधी झालं नव्हतं. परवा बोलता बोलता मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्या एका सदस्याला मी सवयीने उभं राहायला सांगितलं. सगळे हसले. तो बिचारा मात्र खरोखर उभा राहिला.

मेहरूनला सांग, दर जूनला तिच्या नेमणुकीचा नवा आदेश निघेलच, काळजी करू नये.

तब्येत सांभाळ, आणि पत्राला उशीर करू नकोस.

तुझा,
दादा


मोरा,
४ सप्टेंबर १९८५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू शिक्षण खात्याचा राज्यमंत्री झालास म्हणून गावाने मिरवणूक काढली, तिचं वर्णन पुन्हा कधीतरी. तुझं परिपत्रक शाळेत आलं. तीन वर्षं तात्पुरतं शिकवलेल्यांना कायम करावं, हे स्टाफरूममध्ये वाचलं तेव्हा टाळ्या झाल्या आणि मेहरूनने पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी तिला खालचं कलम दाखवलं. जागा रिकामी असली पाहिजे. तिची रिकामी नाही, सात वर्षं तीवर तू आहेस. राज्यभर माणसं कायम होतील, राहील ती तुझ्याच शाळेतली एक. वर सही तुझी आणि आडवाही तूच.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मेहरूनला कारकुनाची कायम नोकरी मिळतेय. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. सुलेमानचाचांनी मला विनवलं की मास्तरांना लिवू नको, ते आपले मास्तर हायेत. म्हणूनच लिहिते. लाँचने येणाऱ्या फजलच्या हाती देतेय.

मला तुझा राग आलाय, दादा. लोभाचं आज तू समजून घे.

अरुणा


मुंबई,
६ सप्टेंबर १९८५

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

सोबत शाळेचा राजीनामा आहे. फजल परत निघालाय, त्याच्याच हाती देतो. उद्याच हेडमास्तरांना दे, पण आधी मेहरूनला वाचू दे.

ते कलम मीच घातलं होतं. घालताना माझी स्वतःची जागा डोळ्यांपुढे आली नाही, याची लाज वाटते. मेहरून तिथे नुसती माझा खडू सांभाळत बसलीय, असंच मी धरून चाललो. सात वर्षांत किती पोरं तिच्या हाताखालून दहावी झाली, हे एकदाही विचारलं नाही.

राजीनामा चार वेळा लिहिला. पहिल्या तिन्हींत परत येण्याची इच्छा कुठून तरी शिरत होती. चौथा वाचून तुझी वहिनी आत जाऊन थोडी रडली, मग तिने पानं घेतली. मला भीती वाटत होती, तरी दोन घास जास्तच गेले. फार दिवसांनी हलकं वाटलं. आता हे पद गेलं तर परतायला जागा नाही, हे नीट समजून सही केली आहे.

मेहरूनला माझे आशीर्वाद सांग. आणि तू अशीच रागावत जा, तुझ्याशिवाय इथे कुणी रागावत नाही.

तुझा दादा,
आजपासून नुसता मंत्री